सभागृहाची दिशाभूल

संसदेत खोटं बोलता येत नाही. हे वाक्य माझ्या वडिलांनी मला बाराखडीच्याही आधी शिकवलं, आणि ते इतक्या गंभीर आवाजात म्हणायचे की लहानपणी मला वाटायचं, तिथे खोटं बोलायला गेलं की माणसाची जीभच वळत नसणार; ओल्या काडेपेटीची काडी पेटत नाही तसं काहीतरी होत असणार. पुढे कळलं की बोलता येतं. फक्त उभं राहून बोलावं लागतं, आणि आवाज चढवावा लागत नाही.

खरं तर या वाक्याविरुद्धचा पुरावा बाबा स्वतःच्या डाव्या पायात घेऊन फिरत होते. ऐन विशीत ते फौजेत गेले आणि चीनच्या लढाईत कॅनव्हासच्या बुटांवर त्यांना बर्फात उभं करण्यात आलं. त्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी रेडिओवर ऐकलं, की आपल्या जवानांना कशाचीही कमतरता नाही असं दिल्लीत सभागृहाला सांगण्यात आलं आहे. "मग तुम्ही काय केलंत?" असं मी दर वेळी विचारायची, कारण उत्तर मला पाठ होतं आणि आवडायचं. "काय करणार? नर्सला म्हटलं, ताई, आवाज जरा कमी करा." दुसऱ्या कुणी यातून वेगळा धडा घेतला असता. बाबांनी घेतला तो असा, की पुढे संरक्षण खात्याच्या मंत्र्याला जावं लागलं, म्हणजे सभागृहाला खोटं पचत नाही. "माझी बोटं गेली, पण मंत्रीही गेला," असं ते म्हणायचे, जणू दोघं एकाच गाडीने गेले.

नेवाशात नदीच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. बाबा फौजेतून आल्यावर साखर कारखान्याच्या गेटवर लागले होते, आई अंगणवाडीत मदतनीस होती. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्ध, शेजारी निळ्या कोटातला फोटो, आणि त्याच्या बरोबर खाली हातांची लाकडी खुर्ची. तिच्यावर दिवसा कुणीही बसावं, कपड्यांच्या घड्या ठेवाव्यात, मांजर झोपावं. संध्याकाळी मात्र तिचा हुद्दा बदलायचा. कारखान्याचा भोंगा वाजला की बाबा घरी येत, हातपाय धुऊन जेवत. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि आईची तब्येत खुश असली तर हुलग्याचे शेंगोळे, लसणाच्या फोडणीचे, की ज्यांचा वास आधी गल्लीला आणि मग आम्हाला कळायचा. ताटं उचलली, स्टोव्हचा फर्रफर्र आवाज थांबला, की बाबा त्या खुर्चीत बसून घसा साफ करत आणि म्हणत, "प्रश्नकाळ सुरू होत आहे."

हे गमतीत सुरू झालं असणार, पण माझ्या आठवणीत ते कधीच गमतीत नव्हतं. घरातल्या कुणीही कुणालाही काहीही विचारावं, आणि ज्याला विचारलं त्याने उभं राहून खरं उत्तर द्यावं, हा नियम. पुरवणी प्रश्नाला मुभा. खोटं सापडलं तर हक्कभंग, आणि हक्कभंगाला शिक्षा म्हणजे आठवडाभर घरातली सगळी काळी भांडी राखेने घासायची. माझ्यावर गुळाच्या ढेपेच्या बाबतीत हे कलम लागलं. अशोकदादावर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमावरून लागलं, तो जादा तासाला गेलो म्हणाला होता, आणि आईने फक्त "मास्तरनं काय शिकीवलं?" एवढा पुरवणी प्रश्न विचारला होता. एकदा खुद्द बाबांवर लागलं. कुत्र्याला ताजी भाकरी कोण घालतं, याचं त्यांनी "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आईने त्यांना रंगेहाथ पकडलं. त्यांनी विनातक्रार अंगणात बसून आठवडाभर भांडी घासली. गल्लीतल्या बायका कुंपणावरून बघून हसल्या. मला वाटतं, आईचा त्या सभागृहावर खरा विश्वास बसला तो त्या आठवड्यात.

नाहीतर ती कायमची विरोधी बाकांवरची. "सरकार बी तुमीच आन अध्यक्ष बी तुमीच," ती म्हणायची, "ह्ये कसलं सभागृह?"

"लहान राज्यांत असं असतं," बाबा म्हणायचे.

"मंग न्हाणीचा पत्रा कवा बशीवनार, त्ये सांगा लहान राज्याचे."

"विषय विचाराधीन आहे."

"तीन पावसाळं झालं, विचारात बसलाय. पत्रा बसवा."

दादाला फौजेत जायचं होतं तो विषयही तिथेच आला. आई एकटी विरोधात होती. मतदान झालं, ती हरली, आणि हरल्यावर तिने एकच अट घातली. ती मला शब्दशः आठवते, कारण ती सांगताना आई खाली बसली नव्हती, आणि तिचा एक गुडघा तेव्हाही दुखत असे. "ह्यो जिथं आसंल तिथं. बरं आसो, वाईट आसो, मला खरं कळलं पायजे. मला गोड बोलून कुनी गप करायचं न्हाई." बाबा खुर्चीतून उठले, दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. बोटं गेल्यापासून त्यांना उभं राहायला काहीतरी धरावं लागायचं. म्हणाले, "सभागृहाला तसं आश्वासन देण्यात येत आहे." दादा फौजेच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि पठाणकोटला गेला. त्याची हिरवी सायकल पडवीत खुंट्यांवर टांगून ठेवली.

ज्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली, त्या उन्हाळ्यात दिल्लीत लोकसभाच नव्हती. सरकार पडलं होतं, सभागृह बरखास्त झालं होतं आणि निवडणुका पावसाळ्यानंतर होत्या. बाबांना याचा भयंकर त्रास झाला. डोंगरावर नेमकं कोण आहे, किती आहेत, कधीपासून आहेत, यावर पेपरात रोज नवं काहीतरी यायचं आणि आदल्या दिवशीचं चूक ठरायचं. बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून खोलीत फेऱ्या मारायचे. "विचारणार कोण?" ते म्हणायचे. "उत्तर द्यायला उभंच राहायचं नाही म्हटल्यावर हे लोक काहीही सांगतील." आज वाटतं, देशातलं तेव्हा चालू असलेलं एकमेव लोकनियुक्त सभागृह आमच्या बाहेरच्या खोलीत भरत होतं, आणि तिथेही सरकारचं बहुमत होतं.

अन्वरभाईंचा एसटी स्टँडसमोर टेलिफोन बूथ होता. गल्लीत फोन नव्हते. कुणाचा फोन आला की ते स्कूटर घेऊन स्वतः सांगायला यायचे. त्या दिवशी आले ते गल्लीच्या तोंडाशीच ओरडत, "फौजी, चला, पोराचा फोन! दहा मिनिटांनी परत लावतोय!" आई अंगणवाडीत होती. बाबा पायातली चप्पल न बघता स्कूटरवर बसले; परत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक त्यांची आहे आणि एक माझी. मी विचारलं, दादा काय म्हणाला? "बरा आहे," ते म्हणाले आणि मांजराला खुर्चीवरून उठवून स्वतः बसले. भर दुपारी.

संध्याकाळी शेंगोळे होते. आईने प्रश्नकाळ सुरू व्हायचीसुद्धा वाट पाहिली नाही. "अशोक कुटं हाय?"

बाबा उठले, चौकटीला हात लावला. "सन्माननीय सदस्यांना कळवण्यात येतं की, चिरंजीव पठाणकोटलाच आहेत. गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामावर. वर जाण्याचा कोणताही प्रस्ताव नाही."

आईने मोठा श्वास सोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. भाकरी फुगून वाफ सुटावी तसा. मग तिने विचारलं, "आन सायकलचं विचारलं का?" कर्जतच्या मावशीचा सचिन लांबच्या शाळेत पायी जायचा, आणि ती सायकल त्याला द्यावी असा आईचा प्रस्ताव बरेच दिवस पडून होता. मालकाची परवानगी घ्यावी, असं सभागृहात ठरलं होतं. बाबा म्हणाले, विषय काढला होता, पण नीट बोलणं व्हायच्या आत फोन कटला. मलाही दादाबद्दल काहीतरी विचारायचं होतं, पण बाबांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं. एरवी प्रश्नकाळ बातम्यांपर्यंत चालायचा, आणि बातम्या लागायला अजून अवकाश होता. मला वाटलं, थकले असतील.

त्यानंतरचे दिवस आई फार शांत होती. नळावर बायका विचारायच्या, "बाई, तुझं पोरगं फौजंत आन तुला झोप कशी लागती गं?" आई हंडा कमरेवर घेत म्हणायची, "आमच्या ह्यांनी उभं ऱ्हाऊन सांगितलंय." बायकांना यात काय आहे ते कळायचं नाही. ज्यांचे कुणी वर होते त्यांना आई धीर द्यायची, त्यांच्याबरोबर रडायचीसुद्धा, आणि घरी येऊन पोटभर जेवायची. मावशीच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा जावं की नाही असं तिच्या मनात आलं होतं. बाबांनीच आग्रह केला. स्वतः ड्युटीचं कारण सांगून थांबले. सायकल मात्र आईने परवानगीची वाट न बघता काढली. "मी त्याची आय हाय, मला कसली परवानगी," म्हणून ती एसटीच्या टपावर बांधून आम्ही कर्जतला गेलो.

आमच्यात लग्न म्हणजे वंदना, दोन हार, आणि भाषणं. सगळ्यात जास्त वेळ भाषणांनाच लागतो. बाकीचे सगळे विधी आजोबांच्या पिढीने सोडले होते, हळद तेवढी कुणाला सोडवली नव्हती. त्या हळदीत माझी आई नाचली. मी तिला तोवर कधी नाचताना पाहिलं नव्हतं. गुडघा दुखायचा, तरी पदर खोचून, हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी मावशीला ओढत ती नाचली, आणि मांडवातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. सचिन सायकलवरून मांडवाभोवती चकरा मारत घंटी वाजवत होता. मला इतकी मजा वाटत होती. हे लिहिताना आता मी आईच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले आहे, आणि अजून कुठे हळदीला ताशा वाजला की मला आधी तिचे ते पिवळे हात दिसतात आणि मग पुढचं आठवतं.

पुढचं असं, की आठवडाभराने आम्ही नेवाशाच्या स्टँडवर उतरलो. आईच्या हातात बुंदीच्या लाडवांची पिशवी होती. अन्वरभाई बूथमधून बाहेर आले. "भाभी, कुठे होता तुम्ही? अशोकने किती फोन केले! वरून खेप करून खाली आला की रांगेत उभा राहून लावायचा. दर वेळी एकच, आईला बोलवा. फौजी यायचे, बोलायचे, पण त्याला तुम्हीच पाहिजे होता."

आई म्हणाली, "वरून म्हंजे?"

"वरून म्हणजे... डोंगरावरून. दारूगोळा नेतो ना तो ट्रकने. महिना होत आला की." मग त्यांनी आईचा चेहरा पाहिला. "फौजींनी सांगितलं नाही?"

"सांगितलं," आई म्हणाली. "उभं ऱ्हाऊन सांगितलं." लाडवांची पिशवी तिने त्यांच्या काउंटरवर ठेवली आणि तशीच चालू लागली. ती पिशवी परत घ्यायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

घरी आल्यावर ती भांडली नाही. तिने भाकऱ्या थापल्या, बाबांना वाढलं, ताटं उचलली, स्टोव्ह बंद केला. बाबांना अजून काही माहीत नव्हतं. लग्न कसं झालं ते ते मला विचारत होते. मग ते खुर्चीत बसले. त्यांनी घसा साफ केला. आणि आईने तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात. "अशोक कुटं हाय?"

बाबा उठले. चौकटीला हात लावला. बाहेर कुणाच्या तरी घरात टीव्हीवर देशभक्तीचं गाणं लागलं होतं.

"सभागृहाला चुकीची माहिती दिली गेली होती," ते म्हणाले.

"कुनी दिली?"

"मी दिली."

"का?"

"तुला... काळजी लागली असती. तू जेवली नसतीस, झोपली नसतीस. त्यानंच सांगितलं होतं, आईला सांगू नका म्हणून."

"त्यो लेकरू हाय. त्यानं सांगितलं आन तुमी ऐकलं?" आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. "काळजी माझी हुती. माझ्या वाटनीची हुती. तुमी का घेतली? त्यो तिथं जीव मुठीत धरून गाडी हाकत हुता, आन मी हळदीला नाचत हुते. त्यानं मला हाका मारल्या, आन मी नाचत हुते. आता ह्ये मी कुटं ठिवू?"

बाबांनी ती खुर्ची उचलून भिंतीशी उलटी करून ठेवली, अंगणात गेले, आणि अंधारात राख घेऊन भांडी घासायला बसले. आईने त्यांना थांबवलं नाही. या वेळी कुंपणावरून कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई अंगणवाडी सुटली की सरळ अन्वरभाईंच्या बूथमध्ये जाऊन बसू लागली. त्यांनी तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं. फोन वाजला की ती उठायची, अन्वरभाई मान हलवायचे, ती परत बसायची. दादाचा फोन पुन्हा आला नाही. आली ती तार, इंग्रजीत. मी वाचली: जखमी आहे, लष्करी दवाखान्यात आहे, प्रकृती स्थिर आहे. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं, तार माझ्या हातातून घेतली आणि अन्वरभाईंकडे जाऊन त्यांच्याकडून वाचून घेतली. मग शाळेत जाऊन हेडमास्तरांकडून. तिघांचं जुळलं तेव्हा कुठे ती रडली. मी तिला तोवर एकदाही खोटं सांगितलेलं नव्हतं, गुळाचा अपवाद सोडून. पण त्या घरात आता कुणाही एका माणसाच्या सांगण्याला किंमत उरली नव्हती, आणि त्याला मी काहीच करू शकत नव्हते.

मी पुढे बरीच वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. संसदेतल्या चर्चांचे जाड खंड कुणी मागत नसे, म्हणून ते माझ्या टेबलामागे असायचे, आणि मी ते वाचायची. आपल्या देशाचे, आणि हाती लागले तेवढे दुसऱ्यांचेही. लढाईच्या बाबतीत ज्यांनी ज्यांनी सभागृहाला चुकीचं सांगितलं, त्यातले थोडे नुसते लबाड होते. बाकीच्यांचं म्हणणं एकच: लोकांचं मनोधैर्य खचू नये म्हणून. सगळ्यांना आपल्या घरच्यांनी नीट जेवावं, असंच वाटत होतं. वाचताना मला दर वेळी चौकटीला हात लावून उभे असलेले बाबा दिसायचे, आणि मग त्या मंत्र्यांवर मनापासून चिडणं मला जमायचं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. चिडायला हवं होतं.

पोळ्याच्या सुमाराला दादा घरी आला. रस्त्यावर गाडीजवळ गोळा पडला होता. खांद्यात लोखंडाचे बारीक तुकडे होते आणि डावा कान गेला होता. ओवाळून झालं, सगळे जेवायला बसलो. आई त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि तिने विचारलं, "परत परत फोन करत हुतास. काय सांगायचं हुतं मला?"

दादा थोडा वेळ भाकरी कुस्करत राहिला. मग म्हणाला, "काय न्हाई गं. बाबा बोलले हुते, तू सायकल सचिनला देनार म्हनून. दिऊ नको, येवढंच सांगायचं हुतं."

"खरं?"

"खरं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. बाबांनीही मान वर केली. तो खरं बोलत असेल. सायकलवर त्याचा जीव होताच. किंवा गोळे पडत असताना आईला काय सांगावंसं वाटतं, ते त्याला आता तिला सांगायचं नसेल. पूर्वी हे शोधून काढायला आईला एक पुरवणी प्रश्न पुरला असता. तिने तो विचारला नाही. उठून त्याला अजून थोडं कालवण वाढलं.

निवडणुका झाल्या, नवी लोकसभा आली, लढाईबद्दल तिथे प्रश्न झाले. कुणाला काय आधी माहीत होतं आणि कुणी काय सांगितलं, यावर उत्तरं झाली. बाबा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन ऐकायचे. मत द्यायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "उत्तर फार नीट आहे," आणि बंद केला. खुर्ची त्यांनी केव्हाच सरळ करून ठेवली होती. रोज जेवण झालं की ते तिच्यात बसत, घसा साफ करत आणि आईकडे बघत. पुष्कळ वर्षं बघितलं. आई भाजी निवडत असायची, दोरा ओवत असायची. बोलायची, हसायचीसुद्धा, त्यांचं पथ्यपाणी अखेरपर्यंत तिनेच केलं. पण तिने त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही. न्हाणीचा पत्रासुद्धा नाही. तो त्यांनी आपणहून बसवला, आणि बसवल्याचं उभं राहून जाहीर केलं. आई "बरं" म्हणाली.

सायकल अजून कर्जतला आहे. सचिन म्हणतो, मागचा ब्रेक लागत नाही.